आगरकरांनी शाळा सोडलीच नव्हती

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवता. 14 जुलैला गोपाळ गणेश आगरकरांच्या जयंतीनिमित्त नववी-दहावीच्या मुलांपुढे तुम्हाला अर्धा तास बोलायचे आहे. हाताशी जी टिपणे आहेत त्यांत सगळीकडे एकच क्रम आहे: आगरकर आधी शिक्षक होते, मग राजकारणात आले, मग वृत्तपत्र काढले, मग टिळकांशी वाद झाला आणि ते समाजसुधारक झाले. तुम्ही विचारता की एम. ए. झालेला माणूस शिक्षकी सोडून वृत्तपत्राच्या भानगडीत का पडला, आणि टिळकांबरोबरचे भांडण मुलांना सांगावे की टाळावे.

मी कराडच्या बाजूला बरीच वर्षे इतिहास शिकवला आणि शिक्षकांसाठी स्थानिक इतिहासाचे वर्ग घेतले. त्या वर्गांतही हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. माझ्या मते अडचण त्या क्रमातच आहे. आगरकरांनी शिक्षकी सोडली कधीच नाही. शाळा, वृत्तपत्र आणि राजकारण या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकाच महिन्यात सुरू झाल्या आणि एकमेकींत गुंतूनच चालल्या. ही गुंतागुंत दाखवली की भांडणाचे कोडेही बरेचसे सुटते.

मी वर्गात एक साधी पद्धत वापरतो. फळ्यावर तीन उभे रकाने आखायचे: शाळा-कॉलेज, वृत्तपत्र आणि घर. मग सनावळी एकाखाली एक न लिहिता ज्या त्या रकान्यात टाकायची. पहिल्या रकान्यात 1 जानेवारी 1880 येते, त्या दिवशी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी महादेव बल्लाळ नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. आगरकर तेव्हा एम. ए. च्या अभ्यासात होते. 1881 च्या सुरुवातीला ते शाळेत रुजू झाले. आता दुसऱ्या रकान्यात पाहा. 2 जानेवारी 1881 ला इंग्रजी 'मराठा' निघाला, 4 जानेवारी 1881 ला 'केसरी' निघाला आणि केसरीचे पहिले संपादक आगरकर. म्हणजे खडू आणि लेखणी एकदमच हाती आली. वय 24. टिळकांचेही 24, कारण दोघांच्या जन्मतारखांत फक्त नऊ दिवसांचे अंतर आहे. मुलांना हे नऊ दिवस फार आवडतात, जरूर सांगा.

दोन्ही एकदम का, याचे उत्तर विष्णुशास्त्र्यांच्या अनुभवात सापडते. ते सरकारी शाळेत शिक्षक होते आणि 1874 पासून 'निबंधमाला' हे मासिक काढत होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि अखेर 1879 मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. सरकारचा पगार घेणाऱ्या मास्तराने सरकारवर लिहायचे म्हणजे रोजची कसरत. त्यातून 1878 मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा आणलेला. अशा वेळी या तरुणांनी ठरवले की शाळाही आपली हवी, छापखानाही आपला हवा. आर्यभूषण छापखाना त्यातूनच उभा राहिला. मुलांना शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या बापांना वृत्तपत्रातून, असा तो एकच बेत होता.

त्या काळच्या राजकारणाचे चित्रही मुलांपुढे उभे करावे लागते, कारण राजकारण म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे निवडणूक, पक्ष आणि बॅनर येतात. 1881 साली यातले काही नव्हते. काँग्रेसचे पहिले अधिवेशन 1885 अखेरचे. सार्वजनिक सभेसारख्या संस्थांनी अर्ज-विनंत्या करायच्या, पुढाऱ्यांनी भाषणे द्यायची आणि संपादकांनी लिहायचे. त्यामुळे केसरीच्या संपादकाच्या खुर्चीत बसणे हेच राजकारणात उतरणे होते.

त्याची किंमत दीड वर्षातच मोजावी लागली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, अशी बातमी पुण्यात पोहोचली होती. केसरी आणि मराठा यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध लिहिले आणि त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला ती पत्रे पुढे बनावट ठरली. बर्व्यांनी फिर्याद केली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी जामिनाची तजवीज केली होती. हे वाक्य भाषणात गाळू नका. पुढे या लोकांची मते किती वेगवेगळ्या दिशांना गेली हे मुलांना माहीत असते, पण 1882 साली ते एकमेकांच्या अडचणीला धावले हे सहसा कोणी त्यांना सांगत नाही.

माझ्या मते या प्रसंगाचा खरा अर्थ शाळेच्या रकान्यात आहे. दोन शिक्षक तुरुंगात आहेत. त्याच वर्षी मार्च महिन्यात विष्णुशास्त्री वारले, त्यांची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. दोन वर्षांच्या शाळेचा संस्थापक गेला, दोन खंदे शिक्षक गजाआड, तरी शाळा चालली. इतकेच नाही, त्याच 1882 मध्ये हंटर आयोगाकडून, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाकडून, या शाळेची वाखाणणी झाली. वामन शिवराम आपटे, नामजोशी आणि इतर शिक्षकांनी ती तोलून धरली. आपण आगरकर-टिळक म्हणत राहतो आणि हे लोक मागे पडतात. शिक्षकांच्या सभेत मी हा भाग हटकून सांगतो, कारण शाळा चालवणे किती जणांच्या खांद्यांवर असते हे आपल्याला ठाऊक असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 24 ऑक्टोबर 1884 ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. नाव कोणाचे? मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. त्यांनी 1200 रुपयांची देणगी दिली होती. संस्थानिकांकडूनही देणग्या आल्या, त्या गोळा करण्यात नामजोशींचा वाटा मोठा. कॉलेज उभे करायचे तर विद्यापीठाची मान्यता हवी, इमारत हवी, अनुदान हवे, गव्हर्नरापासून संस्थानिकापर्यंत सगळ्यांचा सद्भाव हवा. आणि वृत्तपत्र चालवायचे तर याच मंडळींवर टीका करायची तयारी हवी. दोन्ही कामे करणारी माणसे तीच. एका हाताने देणगीचा अर्ज लिहायचा आणि दुसऱ्या हाताने अग्रलेख. हा ताण ध्यानात घेतल्याशिवाय 1885 नंतरचे काहीच नीट समजत नाही.

दुसरा ताण मंडळींच्या आतला होता. केसरी आगरकरांच्या मालकीचा नव्हता, तो सगळ्या गटाचा होता. संपादकाला गटाचे मत मांडायचे होते. 1884 पासून मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांमुळे बालविवाह आणि विधवांचा प्रश्न पेटला, मग रखमाबाईचा खटला आला. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला होता. आगरकर तिच्या बाजूचे, टिळक विरुद्ध बाजूचे, आणि पत्र एकच. म्हणूनच तुम्हाला एक सावधगिरीची सूचना करतो. केसरीतले त्या वर्षांतले लेख बहुतेक नावाशिवाय छापलेले आहेत. 1881 ते 1887 मधला कोणताही अग्रलेख उचलून 'आगरकर म्हणतात' असे सांगू नका. त्यांच्या निबंधसंग्रहात जे आले आहे तेवढेच त्यांच्या नावावर सांगा. पुढे त्यांनी स्वतः काढलेल्या 'सुधारक' पत्रातल्या लेखांच्या बाबतीत तुम्ही बरेच निर्धास्त राहू शकता.

तिसरा ताण घरचा. हा सांगताना वक्ते एकतर रडवतात किंवा घाईने पुढे जातात. आगरकरांचा जन्म कृष्णाकाठच्या टेंभूचा, गरिबी घरातली. कराडला थोडे शिक्षण, मग कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात कंपाउंडरचे काम, मग नातेवाइकांच्या आधाराने थेट अकोल्याला जाऊन मॅट्रिक, नंतर पुण्याचे डेक्कन कॉलेज. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही गोष्ट मुलांनी ऐकलेली असते. त्यांनी आईला लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे: मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची चाकरी लागेल असे तुला वाटत असेल, पण मी पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा सगळा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहे, असा त्याचा आशय. सदऱ्याच्या गोष्टीपेक्षा हे पत्र मला महत्त्वाचे वाटते. सदरा ही परिस्थिती होती, पत्र हा निर्णय होता. तुमच्या वर्गात घरची पहिली पिढी शिकते आहे अशी मुले-मुली असतील, त्यांना त्या आईच्या बाजूनेही विचार करू द्या. तिच्यासाठी हे पत्र सोपे नव्हते.

पुढे संसार वाढला, दम्याने गाठले आणि पोटापुरते या शब्दाचा हिशोब बदलला. सोसायटीच्या आजीव सभासदांचे वेतन बेताचेच होते. ते वाढवावे का, सभासदाने बाहेर काम करून पैसे मिळवावेत का, यावर मतभेद झाले. टिळकांचे म्हणणे असे की आपण त्यागाच्या तत्त्वावर एकत्र आलो, सभासदाने सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेलाच द्यावी. आगरकर, गोखले यांना हा नियम इतका ताणणे मान्य नव्हते. यात एक बाजू लोभी आणि दुसरी निर्मळ असे काही नाही. संस्था टिकवण्याच्या या दोन प्रामाणिक कल्पना होत्या, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षणसंस्थांच्या बैठकांत हाच वाद वेगळ्या शब्दांत आजही चालतो.

आता फळ्यावरच्या रकान्यांकडे पुन्हा पाहा. 1887 च्या ऑक्टोबरात आगरकरांनी केसरी सोडला. शाळा-कॉलेज सोडले नाही. 1890 च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. केसरी सोडला नाही. वर्षानुवर्षे एकत्र राबणारे हे दोन मित्र एका वळणावर आले तेव्हा एकाने वर्ग धरला आणि दुसऱ्याने वृत्तपत्र. मला आगरकरांविषयी सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट हीच वाटते. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा वाद खरा होता, खोल होता, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण नुसता तो सांगितला तर मुलांना वाटते की दोन मोठी माणसे एका वाक्यावरून भांडली. रकाने समोर असले की कळते, पैसा, वेळ, पत्राची मालकी, संस्थेचे नियम आणि विचार, सगळेच एकावर एक साचत गेले होते.

तेव्हा भांडण सांगावे की टाळावे, याचे माझे उत्तर: सांगा, पण दोघांची बाजू तितक्याच ताकदीने मांडता येत असेल तरच. आधी लोकांत सरकारविरुद्ध एकी होऊ द्या, घरातल्या चालीरीतींवर परक्या सरकारकडून कायदे करून घेऊ नका, हा टिळकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. आणि घरातल्या निम्म्या माणसांना गुलामीत ठेवून आपण स्वातंत्र्य कोणत्या तोंडाने मागणार, ही आगरकरांची तळमळ तर आजही अंगावर येते. मी स्वतः आगरकरांच्या बाजूचा आहे आणि वर्गात ते लपवत नाही. पण आगरकर गेल्यावर टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, हेही त्याच तासाला सांगतो. प्राथमिकच्या मुलांपुढे बोलायचे असते तर मी हा भाग गाळला असता. नववी-दहावीला तो पेलतो, फक्त श्रोत्यांत गावातली मोठी मंडळीही असतील तर वेळ जास्त ठेवा, कारण चर्चा तिथेच पेटते.

'सुधारक' 15 ऑक्टोबर 1888 ला निघाला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असलेला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत, तेही याच शाळेतले शिक्षक. इथे आगरकरांना कोणाचे मत सांभाळायचे नव्हते. विधवांचे केशवपन, बालविवाह, मुलींचे शिक्षण, मुलामुलींनी एकत्र शिकणे, यांवर ते सरळ लिहीत गेले. 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' हा त्यांचा लेख मुलींना वाचून दाखवा. कपड्यांसारख्या रोजच्या गोष्टीपासून सुरुवात करून ते कारणे विचारत विचारत रूढीच्या मुळाशी कसे जातात, हे त्यात स्पष्ट दिसते, आणि लिहिण्याची ही रीत अस्सल शिक्षकाची आहे. 'गुलामांचे राष्ट्र' मात्र नववीला जड जाईल, त्यातला एखादा परिच्छेद पुरे. या लेखनापायी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. घरी पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. ज्या माणसाने बाहेर एवढे वादळ अंगावर घेतले त्याने घरात दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा ठेवली, हे मला त्यांच्या कोणत्याही लेखाइतकेच मोलाचे वाटते.

या सगळ्या काळात ते शिकवतच होते. 1892 मध्ये प्राचार्य आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. टिळकांनंतर गणित शिकवायला 1891 मध्ये धोंडो केशव कर्वे आले होते. 1893 मध्ये कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा कॉलेजचे प्राचार्य आगरकर होते. 17 जून 1895 ला आगरकर गेले, तेव्हा चाळिशीही दूर होती आणि ते प्राचार्यपदावरच होते. तुमच्या टिपणातला 'शिक्षकी सोडली' हा शब्द यापुढे टिकत नाही.

तुम्ही सांगलीतून बोलता आहात म्हणून दोन गोष्टी स्थानिक संदर्भाच्या. आगरकर 'सातारचे', आपल्या जिल्ह्याचे नव्हेत, असे तुमच्या सहकाऱ्यांना वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या हयातीत सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि तुमचा खानापूर तालुका सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आगरकर तुमच्या पणजोबांच्या जिल्ह्याचे. शिवाय तुमच्या मुलांना टेंभू हे नाव रोज ऐकू येते ते उपसा सिंचन योजनेमुळे. ज्या गावाजवळून तुमच्या शिवारात कृष्णेचे पाणी येते त्याच गावात हा माणूस जन्मला, एवढे सांगितले की मुले कान टवकारतात. आगरकरांनी जी सोसायटी उभी केली तिनेच 1919 मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढले, हेही जोडा. तुमच्या स्टाफमध्ये विलिंग्डनचे माजी विद्यार्थी नक्की निघतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साताऱ्याच्या मातीत आगरकरांची गोष्ट एकटी सांगू नये. सावित्रीबाईंचा जन्म 1831 चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. या जोडप्याने पुण्यात मुलींची शाळा 1848 मध्येच सुरू केली, म्हणजे आगरकरांच्या जन्माआधी आठ वर्षे. 'दीनबंधू' हे बहुजनांचे पत्र कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये काढले, म्हणजे केसरीच्या चार वर्षे आधी. आणि ज्या हंटर आयोगाच्या वेळी न्यू इंग्लिश स्कूलची वाखाणणी झाली, त्याच आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले की सरकारचा पैसा उच्च शिक्षणावर जातो, रयतेच्या पोरांच्या प्राथमिक शाळा मात्र उपाशी आहेत. न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांवर कोण बसत होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न तुमच्या वर्गातली मुले विचारतील, विचारलाच पाहिजे. आगरकरांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. त्यांनी आपल्याच जातीच्या, आपल्याच आळीतल्या लोकांशी भांडण घेतले, ते किती अवघड होते हे उलट त्यामुळे जास्त कळते.

अर्धा तास असेल तर वेळेची वाटणी मी अशी करीन. पहिली पाच मिनिटे टेंभू आणि आईचे पत्र. मग दहा मिनिटे फळा आणि तीन रकाने, सनावळी मुलांकडूनच योग्य त्या रकान्यात टाकून घ्यायची. कोल्हापूर प्रकरण तीन-चार वाक्यांत आटोपा, त्यात शिरलात की वेळ संपतो. 1887 आणि 1890 या दोन सालांवर थांबा आणि मुलांना विचारा, एकाने पत्र सोडले, एकाने शाळा सोडली, असे का झाले असेल? पटकन उत्तर देऊ नका, दोन-चार हात वर येऊ द्या. शेवटची पाच-सात मिनिटे जाकिटांच्या लेखातला एक उतारा एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला द्या. तिला आदल्या दिवशी उतारा देऊन ठेवा. वाक्ये लांब आहेत, श्वास कुठे घ्यायचा ते तिला आधी ठरवावे लागेल.